पोरगी काय म्हणते?

डिसेंबर लागला की मी एकदा हुमायून रोडला जाऊन येतो. खान मार्केटच्या गर्दीपासून पाच मिनिटांवर ज्युडा हायम सिनेगॉग आहे. १९५६ सालची एक साधी, छोटी इमारत, आणि तिला लागून ज्यू दफनभूमी. तिथे लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब यांची कबर आहे. १९७१ च्या डिसेंबरात ईस्टर्न कमांडचे चीफ ऑफ स्टाफ म्हणून ढाक्याला जाऊन शरणागतीची बोलणी करून आलेले हेच जेकबसाहेब. २०१६ च्या जानेवारीत ते गेले. १६ तारखेला इंडिया गेटकडे मोठा कार्यक्रम असतो, गाड्यांचे ताफे असतात. मी त्याच्या आधीच सिव्हिल कपड्यांत जाऊन एक सलाम करून येतो. मागच्या डिसेंबरात गेलो तेव्हा मात्र डोक्यात जेकबसाहेब नव्हते, पोलिसांचं पत्र होतं.

पत्र आमच्या युनिटमधल्या एका जवानाबद्दल होतं. पोरगा नगर जिल्ह्यातला, चोवीस वर्षांचा, कामाला चोख. सुट्टीवरून परतला तो बायको घेऊनच. मुलीच्या बापाने गावाकडे फिर्याद दिली होती की माझी मुलगी पळवून नेली. लग्नासाठी स्त्रीला पळवणं म्हणजे जुन्या दंडविधानातलं कलम ३६६. जुलै २०२४ पासून न्याय संहितेत तेच कलम ८७ झालं आहे. दहा वर्षांपर्यंतची शिक्षा. कमांडिंग ऑफिसर म्हणून कागद माझ्या टेबलावर आला.

मी तीन दिवस त्याच कामात होतो. ठाण्याच्या इन्स्पेक्टरशी बोललो. बापाशी फोनवर दोनदा बोललो, पहिल्यांदा त्याने शिव्या दिल्या आणि दुसऱ्यांदा तो रडला. जवानाला समोर उभं करून झापलं. सुभेदार मेजर साहेबांशी बसून पुढचं ठरवलं, लीगल ब्रँचच्या ऑफिसरला विचारलं. पोरगी सुभेदार मेजर साहेबांच्या क्वार्टरमध्ये त्यांच्या मिसेसकडे होती. तिचं जेवणखाण, सुरक्षितता, सगळं बघितलं होतं. आपण अगदी पद्धतशीर चाललो आहोत असं मला वाटत होतं.

दफनभूमीतून बाहेर येताना प्रार्थनामंदिराच्या पायरीशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. डोक्याला गोल टोपी, अंगात हाताने विणलेला स्वेटर. शुक्रवार होता, संध्याकाळच्या प्रार्थनेला अजून तासभर होता. मी फोनवर बायकोशी मराठीत बोलत होतो. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "कुठले हो तुम्ही? साताऱ्याचे काय?"

मी चाट पडलो. ते रेवदंड्याचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, आता ठाण्याला राहतात. मुलगी-जावई गुडगावला असतात म्हणून थंडीत इकडे येतात. बेने इस्राएल. कोकणच्या वाचकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक गलबत फुटलं आणि त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, असं ही मंडळी सांगतात. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं आपल्यासारखीच गावावरून: पेणकर, अष्टमकर, केहिमकर. बोली अस्सल कोकणी मराठी.

मी एनडीएचा म्हटल्यावर काकांनी लगेच विचारलं, "मग सॅमसनसाहेबांचं नाव वाचलं असेल." वाचलं होतं. रिअर अ‍ॅडमिरल बी. ए. सॅमसन, १९६० च्या आसपासचे आमच्या प्रबोधिनीचे कमांडंट. कॅडेट असताना कमांडंटच्या यादीतलं ते नाव मी कुणा इंग्रजाचं समजत होतो. पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळही रविवारच्या लिबर्टीत बाहेरूनच पाहिलेलं. आत कोण जातं, मराठी बोलणारं कुणी असतं का, हे कधी मनातही आलं नाही. अठराव्या वर्षी डोक्यात फक्त कयानींची केक आणि परतीची बस असते.

बोलता बोलता मी काकांना जवानाचं प्रकरण सांगितलं. नाव-गाव न घेता. परक्या माणसाला सांगणं कधी कधी सोपं जातं. इन्स्पेक्टर, बाप, लीगल ब्रँच असं सगळं सांगून झालं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बरं. आणि पोरगी काय म्हणते?"

मला उत्तर देता आलं नाही. तीन दिवसांत मी तिच्याशी बोललो नव्हतो. ती समोर यायची ती दाराआडून चहा देताना.

काका हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "आमच्या पुस्तकात एक गोष्ट आहे, बन्यामीनाच्या माणसांची. घरी जाऊन वाचा. कीर्तनात नाही सांगत ती." लहानपणी त्यांनी रेवदंड्याकडे मराठी कीर्तनं ऐकली होती. चिपळ्या, झांज, आणि आख्यान मोशेचं नाहीतर योसेफाचं. ही प्रथा त्यांच्या समाजात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली, आपल्या हरिदासांचं बघून. पण ही गोष्ट तिथे येत नसे.

आमच्या एका ख्रिस्ती नायब सुभेदारांकडून मराठी पवित्र शास्त्र मागून आणलं. तेही नगरचेच. गोष्ट 'शास्ते' नावाच्या पुस्तकाच्या शेवटी आहे, अध्याय १९ ते २१. फौजी माणसाने ती वाचावीच.

एक प्रवासी आपल्या उपपत्नीला घेऊन बन्यामीन वंशाच्या गिबा नावाच्या गावी मुक्कामाला थांबतो. गावातले गुंड रात्री घराला वेढा घालतात. तो स्वतः वाचण्यासाठी तिला बाहेर ढकलतो. सकाळी ती उंबऱ्यावर पडलेली असते. तो तिच्या देहाचे बारा तुकडे करून बारा दिशांना पाठवतो, आणि सगळं इस्राएल बन्यामिनाविरुद्ध लढायला जमतं. चार लाख तलवारवाले एकीकडे, सव्वीस हजार आणि गिबाचे सातशे दुसरीकडे. पहिल्या दिवशी मोठ्या सैन्याचे बावीस हजार पडतात, दुसऱ्या दिवशी अठरा हजार. तिसऱ्या दिवशी ते खोटी माघार घेतात, शत्रूला गावाबाहेर ओढतात, मागून दबा धरून बसलेली तुकडी गावात घुसून आग लावते आणि धुराचा खांब दिसला की पळणारे उलटे फिरतात. सँड मॉडेलवर शिकवावी अशी लढाई. मी पेन्सिलने मार्जिनमध्ये बाण काढू लागलो होतो. पुस्तक दुसऱ्याचं आहे हे आठवून खोडले.

मग खरी गोष्ट सुरू होते. बन्यामिनाची गावं जाळून झाल्यावर, बायकापोरं मारून झाल्यावर, सहाशे पुरुष रिम्मोनच्या खडकावर चार महिने लपून राहतात. आता जिंकलेल्यांना वाईट वाटतं, की आपल्या बारांतला एक वंश संपणार. पण त्यांनी शपथ घेतलेली असते, आमच्या मुली बन्यामिनाला देणार नाही. शपथ मोडायची नाही आणि वंशही बुडू द्यायचा नाही. मग ते हजेरी घेतात. याबेश गिलाद गावाचं कुणी लढाईला आलं नव्हतं. बारा हजार माणसं पाठवून ते गाव कापून काढतात आणि चारशे कुमारिका जिवंत आणतात. तरी दोनशे कमी पडतात. तेव्हा वडीलधारी मंडळी त्या उरलेल्यांना सांगतात, शिलो गावी वार्षिक उत्सव असतो, मुली नाचायला बाहेर पडतात, तुम्ही द्राक्षमळ्यांत लपून बसा आणि ज्याने त्याने एकेक उचला. बाप-भाऊ तक्रार घेऊन आले तर आम्ही त्यांची समजूत घालू. तुम्ही मुली दिल्या नाहीत, त्यांनी नेल्या, म्हणजे तुमचीही शपथ मोडली नाही.

आयुष्यभर ऑर्डर्स लिहिणारा माणूस मी. हा मजकूर वाचून माझ्या पोटात गोळा आला. कारण भाषा ओळखीची होती. संख्या, तूट, तुटीची भरपाई, संभाव्य हरकती आणि त्यांवर आधीच तयार केलेलं उत्तर. हरकत कुणाची येईल, तर बापाची आणि भावाची. सहाशे मुलींपैकी एकीचंही नाव नाही, एकीच्या तोंडी एक शब्द नाही. माझ्या टेबलावरच्या फाइलमध्येही इन्स्पेक्टर, बाप, जवान, सगळ्यांची म्हणणी होती.

त्याच ग्रंथात 'अनुवाद' म्हणून एक पुस्तक आहे. त्याच्या २१ व्या अध्यायात चार-पाच ओळींचा एक कायदा आहे, आणि तो थेट शिपायासाठी आहे. लढाईत पकडलेल्या बाईवर मन गेलं तर तिला लगेच हात लावायचा नाही. घरी आणायचं, तिने डोकं भादरायचं, नखं काढायची, कैदेतली वस्त्रं टाकायची आणि आईबापासाठी महिनाभर शोक करायचा. त्यानंतर लग्न. पुढे ती नकोशी झाली तर तिला जाऊ द्यायचं, विकायचं नाही, कारण तू तिची अब्रू घेतली आहेस. आपल्याला वाचताना हे भयंकर वाटतं. पण तीन हजार वर्षांपूर्वीच्या छावणीत, रक्त तापलेल्या माणसाला एक महिना थांब म्हणणारा हा कायदा कुणीतरी लिहिला, हेही खरं. ज्यू पंडितांनाही तो बोचलेला दिसतो. अकराव्या शतकातला त्यांचा मोठा टीकाकार राशी म्हणतो की ही परवानगी माणसाच्या वाईट वासनेकडे बघून दिलेली आहे. पण या कायद्यातही शोकाला महिना आहे, तिच्या होकाराला किंवा नकाराला जागा नाही.

डोकं भादरण्यापाशी मी अडखळलो. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं सबंध बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणण्यात घालवली. त्या १९२२ साली गेल्या आणि भाषांतर १९२४ मध्ये पूर्ण छापून आलं. केशवपन केलेल्या विधवांना ज्या बाईने आधी मुंबई-पुण्याला आणि मग केडगावला आसरा दिला, तिने या ओळी मराठीत लिहिताना समोर कोणाची डोकी पाहिली असतील?

कुणी म्हणेल, हे त्यांचं झालं, आपलं काय. आपलंही आहेच. मनूने लग्नाचे आठ प्रकार सांगितले, त्यातला राक्षस विवाह म्हणजे मारामारी करून रडत्या मुलीला घरातून उचलून नेणं, आणि तो क्षत्रियांना चालतो असंही म्हटलं आहे. म्हणजे आमच्याच धंद्याची सवलत. दिल्लीहून मेरठच्या पुढे गेलं की हस्तिनापूर लागतं. मेरठ छावणीत असताना एका रविवारी मी तिथे गेलो होतो, टेकाड आणि देवळं आहेत. भीष्माने काशीच्या तिन्ही राजकन्या रथात घालून आणल्या त्या इथेच. अंबेने सांगितलं, माझं मन शाल्वावर आहे. भीष्माने तिला परत पाठवलं, म्हणजे ऐकलं तरी. पण उचलून आणल्यावर ऐकलं. शाल्वाने घेतली नाही, भीष्माने घेतली नाही, आणि पुढे तिने काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

विदर्भाची रुक्मिणी मात्र वेगळी. अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी कौंडिण्यपूर आहे, तिचं माहेर, तिथून अजून आषाढीला पालखी पंढरपूरला जाते. तिने आधी पत्र पाठवलं. कधी ये, कुठे ये, देवीच्या दर्शनाला मी बाहेर पडेन तेव्हा ने, सगळं तिने ठरवून दिलं. आम्ही ज्याला आरव्ही म्हणतो तो सुद्धा तिनेच दिला. रुक्मिणीहरण म्हणतात खरं, पण एकनाथांनी १५७१ साली काशीत ग्रंथ पूर्ण केला तेव्हा नाव ठेवलं 'रुक्मिणी स्वयंवर'. अजून लग्न ठरावं म्हणून मुलींना ती पोथी वाचायला देतात. माझ्या ताईलाही आईने दिली होती. ताई विचारायची, यात पत्र लिहायचं असतं, मग मी पण लिहू का? आई म्हणायची, गप वाच.

हे सगळं पुराणातलं आहे असं म्हणून सोडता आलं असतं, पण आजोबा आठवले.

आजोबा सातारकडचे, १९४७ ला नाईक. फाळणीनंतर मिलिटरी इव्हॅक्युएशन ऑर्गनायझेशनच्या ट्रकांबरोबर एस्कॉर्टला पंजाबात होते. दोन्हीकडे बायका पळवल्या गेल्या होत्या, त्या शोधून आपापल्या देशात पोचवायच्या असं ६ डिसेंबर १९४७ ला दोन्ही सरकारांनी ठरवलं. पुढे १९४९ च्या डिसेंबरात इथे दिल्लीत त्याचा कायदा झाला. १ मार्च १९४७ नंतर आणि १ जानेवारी १९४९ पूर्वी कुटुंबापासून तुटलेली आणि दुसऱ्या माणसाकडे किंवा कुटुंबाकडे राहत असलेली कोणतीही मुसलमान स्त्री, वय कितीही असो, ती 'अपहृत व्यक्ती'. सोळा वर्षांखालचा मुलगाही. तिने स्वतः राहायचं ठरवलं असेल तर काय, याला कायद्यात उत्तर नव्हतं. वाद पडला तर न्यायाधिकरण ठरवणार. पंजाबातली एक सुमारे बारा वर्षांची मुलगी असं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत आलं. मूळ तक्रार फौजेतल्याच एका फील्ड कंपनीच्या मेजरने पत्राने केलेली. नोव्हेंबर १९५२ मध्ये न्यायालयाने म्हटलं की अशा व्यक्तीला ताब्यात घेऊन छावणीत नेणं ही घटनेच्या २२ व्या कलमातली अटक नव्हे. हा कायदा १९५७ पर्यंत चालला. भारतातून सुमारे बावीस हजार आणि पाकिस्तानातून सुमारे आठ हजार बायका हलवल्या गेल्या. यातल्या असंख्य जणी नरकातून सुटल्या, हे विसरून चालणार नाही. मृदुला साराभाईंसारख्या बायका यासाठी रात्रंदिवस राबल्या.

आजोबांनी मला हे सांगितलं ते मी खडकवासल्याला निघण्याच्या आदल्या आठवड्यात, १९९७ साली. गोठ्यापाशी बसलो होतो. मी लढाईची गोष्ट मागितली होती, त्यांनी ही दिली. जालंधरच्या बाजूचं एक गाव. पोलिसांनी घर दाखवलं. आतून एक बाई आली, पदराला पीठ. तिला सांगितलं, चल, तुझ्या माणसांकडे पोचवतो. ती म्हणाली, माझी माणसं हीच. मग ओरडायला लागली. आजोबा आणि आणखी एक शिपाई, दोघांनी धरून ट्रकमध्ये चढवलं आणि टेलबोर्ड लावला.

"हुकूम हुता," आजोबा म्हणाले. "पैल्यांदा तिला कुनी उचलली ठावं न्हाय बाबा. दुसऱ्यांदा म्या उचलली."

मी विचारलं, खोटं बोलत असेल ती भीतीने? त्यांनी मान हलवली, आसंल, म्हणाले. लई भ्यालेल्या बाया बगितल्या, म्हणाले, आसंल बी. मग म्हशीला पेंड घालायला उठले. त्या बाईचं नाव त्यांना माहीत नव्हतं. नावं पोलिसांच्या यादीत होती, ते शिपायाचं काम नव्हतं.

शनिवारी सकाळी मी सुभेदार मेजर साहेबांच्या क्वार्टरवर गेलो. मिसेसना म्हटलं, वहिनी, तिला बोलवा, आणि तुम्हीही बसा. जवानाला मी पीटीनंतर मुद्दाम दुसऱ्या कामाला लावलं होतं. पोरगी वीस वर्षांची, सडपातळ, हातात हिरवा चुडा. मी विचारलं, तू आलीस की तुला आणलं?

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आले मी. एसटीने आले. तो तर स्टँडवर घ्यायला होता." मग थोडं थांबून, "पण घरी परत पाठवणार असाल तर खरं सांगून काय उपयोग?"

तिचं लग्न दुसरीकडे ठरत होतं, कॉलेज सुटलं होतं. बाप वाईट नाही असं तिनेच दोनदा सांगितलं. सोमवारी ती मॅजिस्ट्रेटसमोर गेली, वहिनी बरोबर होत्या. जबाब तिचा तिने दिला, आम्ही कुणी आत नव्हतो. पुढची कायदेशीर वाट लांब आहे. बाप अजून फोन उचलत नाही. त्याचंही दुःख खरं आहे, मला मुलगी आहे, मला ते कळतं. जवानाला परवानगीशिवाय आणि न सांगता लग्न केल्याबद्दल जे व्हायचं ते झालं. विवाहाची पार्ट टू ऑर्डर निघाली, किंड्रेड रोलमध्ये पत्नीच्या रकान्यात तिचं नाव चढलं. त्याआधी पंधरा दिवस ती आमच्या कँपात राहत होती, जेवत होती, आणि आमच्या एकाही कागदावर तिचं नाव नव्हतं.

रोलवर सही करायला जवान आला तेव्हा ती पण आली होती. आणखी काही हवं का, मी विचारलं. फॅमिली क्वार्टर मागतील असं वाटलं होतं.

"साहेब," ती म्हणाली, "माझी बारावीची मार्कशीट घरीच राहिली. आई देईल, पण मागायला कुणी गेलं पाहिजे."

गावाजवळच्या एका निवृत्त हवालदारांना फोन केला आहे. ते म्हणाले, बाजाराच्या दिवशी जातो, तेव्हा बाप घरी नसतो.